ही अट नक्की कोणाची?

आमच्या घरी मला रेडिओ म्हणतात. मी दुसरीत असताना बाबांनी हे नाव ठेवलं आणि लग्नात मला सासरी पाठवताना, नव्या मिक्सरबरोबर वॉरंटी कार्ड द्यावं तसं, तेही बरोबर दिलं. "मुलगी गुणी आहे," बाबा सासूबाईंना म्हणाले, "फक्त बंद करायचं बटण कुठे आहे ते आम्हाला सापडलं नाही. तुम्हाला सापडलं तर आम्हालाही कळवा." मी आल्या दिवसापासून सासूबाई शोधतायत. अजून सापडलेलं नाही.

अशा बाईने शिक्षिका व्हावं, नाहीतर विमा विकावा, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी गेले व्यापार खात्यात, आणि तिथेही नेमकी त्या विभागात जिथे माणसाला पगार मिळतो तो मुख्यतः गप्प बसण्याचा. दोन देशांमध्ये व्यापाराचे करार ठरतात ना, कोणाच्या मालावर कोणी किती आयात शुल्क लावायचं वगैरे, त्या वाटाघाटी करणारा तो विभाग. लांबलचक टेबल, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते. पुढच्या रांगेत बोलणारे, मागच्या रांगेत लिहून घेणारे. पुढे सूट-टाय आणि मागे आम्ही बायका, ही मांडणी कोणी ठरवलेली नव्हती म्हणे. ती आपोआपच तशी होत असे, वर्षानुवर्षं आणि न चुकता.

पहिल्याच बैठकीत एका देखण्या, गंभीर चेहऱ्याच्या सहकाऱ्याने मागे वळून मला विचारलं होतं, "चहाचं काय?" मी म्हटलं, "हो, मलाही हवाय. आणायला निघालाच आहात तर दोन आणा." बिचारा गेला आणि दोन घेऊन आला. तेव्हापासून आमची मैत्रीही आहे आणि चुरसही. तो क्वचितच बोलतो आणि बोलतो तेव्हाही मान हलवूनच बोलतो, म्हणून मी त्याला गंभीरराव म्हणते. त्याच्या गप्प बसण्याला वरिष्ठ लोक विचारांची खोली समजतात. मला विचाराल तर पुष्कळदा त्याला झोप आलेली असते.

मागच्या रांगेत मी काढलेल्या वर्षांबद्दल मला रडगाणं गायचं नाही. मी तिथे काम शिकले आणि मजेत शिकले. करारातला जो मजकूर दोघांनाही मान्य झालेला नसतो तो चौकटी कंसात टाकतात. मान्य झाला की कंस निघतो. आमचा सगळा धंदा म्हणजे कंस काढण्याचा. कोणता कंस कधी पडला, कोण कशावर अडून आहे, कोण नुसतंच अडल्याचं सोंग करतंय, हे मला पाठ होत गेलं. पुढच्या खुर्चीला मागून मी चिठ्ठ्या सरकवायचे आणि पुढची खुर्ची माझीच वाक्यं भारदस्त आवाजात म्हणायची. त्या वाक्यांचं कौतुक झालं की मी मागे बसून गालातल्या गालात हसायचे. पण खरं सांगते, मला ती खुर्ची हवी होती. फार हवी होती. आपली वाक्यं आपल्याच तोंडून ऐकायची हौस कोणाला नसते, आणि मला तर तोंड देवाने भरभरून दिलंय.

आमचे मुख्य अधिकारी, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, त्यांनी एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा," ते म्हणाले. "पुढच्या फेरीत पादत्राणांचं प्रकरण तुम्ही चालवा."

मी बसतच होते, ती अर्धवट उठले. "मी? पुढच्या खुर्चीत?"

"मग काय स्टुलावर? ऐका आधी. हे प्रकरण किती फेऱ्या रखडलंय तुम्हाला माहीत आहे. तुमच्याकडून सुटलं तर यापुढे ते प्रकरण तुमचं, खुर्चीही तुमची. नाही सुटलं तर गंभीरराव आहेतच." हो, नाव आता गुरुजींच्याही तोंडी बसलं होतं. "आणि एकच गोष्ट लक्षात ठेवा. तुम्हाला सगळं येतं, फक्त गप्प बसता येत नाही. टेबलावर जो आधी बोलतो तो आधी देतो. समोरच्याला शांतता सहन होत नाही, तो काहीतरी बोलतो, आपण ते उचलायचं. तीस वर्षं मी हेच केलं."

"समोर कोण आहे?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "मौनीबाई."

पलीकडच्या देशाच्या ह्या बाई गप्प बसण्यासाठी प्रसिद्ध होत्या. त्यांच्यासमोर चांगले मुरलेले लोक शांतता असह्य होऊन सवलती देऊन आले होते, असं सांगायचे. आणि त्यांच्यासमोर मला बसवणार! म्हणजे उपवासाच्या स्पर्धेत आमच्या घरच्या मांजराला उभं करण्यासारखं होतं.

घरी आल्या आल्या मी सांगून टाकलं. नवऱ्याने मिठी मारली, मुलगी सोफ्यावर चढून नाचली, आणि सासूबाई म्हणाल्या, "गप्प बसायचं? तू? अगं, मग आजपासूनच सराव कर."

रात्रीच्या जेवणाचा नियम ठरला. सगळ्यांचं जेवून होईपर्यंत मी एक अक्षर बोलायचं नाही. मी बसले ओठ मिटून. नवरा ऑफिसमधलं काहीतरी चुकीचं सांगत होता, मी गिळलं. मुलीने ग्रहांची नावं उलटसुलट क्रमाने म्हटली, तेही गिळलं. सासूबाई पाणी प्यायल्या, पेला खाली ठेवला आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशी मात्र सूनबाई उशिरा आली होती हो. सगळे ताटकळत उभे."

"मी?" मी ओरडले. "तुमचा मुलगा उशिरा आला होता! बूट सापडत नव्हते त्याचे!"

टेबलाभोवती टाळ्यांचा कडकडाट झाला. आठवडाभर रोज हेच चाललं आणि रोज सासूबाई जिंकल्या. शेवटी मी हात टेकले. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. जमेल तिथे गेल्यावर." त्याच्या आवाजात विश्वास होता, पण खांदे हसत होते.

आता ते रखडलेलं प्रकरण काय होतं तेवढं सांगते, दोन वाक्यांत. बुटांवरचं शुल्क दोन्ही देश कमी करणार होते, पण बूट खरोखर आपल्या देशातला असेल तरच. आणि "आपल्या देशातला" म्हणजे कोणता, तर मसुद्यातल्या एका अटीप्रमाणे, ज्याचा वरचा भागही इथलाच आणि तळही इथेच बनलेला. हीच ती अट, आणि ती पहिल्या दिवसापासून चौकटी कंसात. आमचे कारखाने वरचा भाग सुरेख शिवतात, पण रबरी तळ मागवतात एका तिसऱ्याच देशातून. ही अट राहिली असती तर आमच्या एकाही बुटाला सवलत मिळाली नसती. बूटवाल्यांची संघटना दर महिन्याला येऊन आमच्या नावाने बोटं मोडून जायची. आम्ही म्हणायचो, काय करणार, समोरचे हटून बसलेत. आणि टेबलावर आम्ही समोरच्यांना सांगत आलो होतो की ही कडक अट आम्ही मान्य करू, पण बदल्यात आमच्या पिशव्यांवरचं शुल्क काढा. ते म्हणत होते, अट मान्य करू, पण आमच्या चिनी मातीच्या भांड्यांवरचं शुल्क काढा. असं सहा फेऱ्या. बाहेरून बघणाऱ्याला यात काहीतरी विचित्र दिसलं असतं, पण आम्ही आतले होतो ना.

फेरीचा दिवस उजाडला. मी निळं जाकीट घातलं आणि पुढच्या खुर्चीत बसले. खुर्ची मऊ होती, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. डावीकडे गंभीरराव. मागच्या रांगेत, माझ्या जुन्या जागेवर, चक्क गुरुजी, वही उघडून, परीक्षकासारखे. समोर मौनीबाई. बारीक चणीच्या, पांढरे केस नीट मागे बांधलेले, हात एकावर एक. त्यांनी मान किंचित झुकवली. मीही झुकवली. मग सकाळभर आम्ही दोघी गप्प बसलो.

म्हणजे अगदी तसंच नाही, गंभीरराव अधूनमधून कागद वाचत होता, त्यांच्याकडचा एकजण वाचत होता. पण अटीपाशी आलं की सगळं थांबायचं. त्या माझ्याकडे बघायच्या, मी त्यांच्याकडे. मी जीभ दातांखाली धरून ठेवली होती, शब्दशः. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा कंस जागच्या जागी होता आणि माझी जीभ दुखत होती.

मी बायकांच्या स्वच्छतागृहात गेले तर तिथे बाकड्यावर मौनीबाई. एक पाय अनवाणी, हातात बूट, बुटाचा पट्टा उखडलेला. आणि चेहऱ्यावर, पहिल्यांदाच, अगदी तुमच्या-माझ्यासारखी पंचाईत झालेली.

इथे टेबल नव्हतं, म्हणून माझ्यावर गप्प बसायचं बंधनही नव्हतं. "अरेरे! आणा इकडे," मी म्हटलं. "माझ्या पर्समध्ये सुई-दोरा असतो. घरचे हसतात मला, पण एकदा माझ्या मुलीच्या शाळेत स्नेहसंमेलनात हरणाचं शेपूट तुटलं होतं, तेव्हा याच सुईने..." मी हरणाचं सांगायला लागले. मग मधेच सासूबाईंचं, लग्नात हरवलेल्या बुटांचं आणि पुन्हा हरणाचं. हात चालत होते आणि तोंडही. मौनीबाई ऐकत होत्या. बूट सुंदर होता, आतमध्ये त्यांच्याच देशातल्या कारागिरांचा शिक्का. मी तो वाखाणला तेव्हा त्या म्हणाल्या, "नवेच आहेत. आमच्याकडचे." दिवसभरातलं त्यांचं पहिलं वाक्य. त्यात इतका सरळ अभिमान होता की मला त्या एकदम आवडूनच गेल्या.

टाका पक्का करायला मी बूट उलटा केला. तळावर ठसा होता, त्या तिसऱ्याच देशाचा. आमचे बूटवाले जिथून तळ मागवतात त्याच देशाचा.

हरणाची गोष्ट माझ्या तोंडातच राहिली. त्यांना वाटलं असेल, गोष्ट संपली. त्यांनी बूट घातला, चालून बघितला आणि माझा हात हलकेच दाबून निघून गेल्या.

मी मात्र तिथेच आरशासमोर उभी. यांचे सगळ्यात चांगले बूटसुद्धा याच तळावर उभे आहेत. मग तळ इथलाच हवा, असा हट्ट हे लोक का धरतील? स्वतःच्याच पायावर धोंडा का पाडून घेतील? एकच उत्तर सुचत होतं, आणि ते इतकं वेडगळ होतं की मी तोंडावर पाणी मारून घेतलं.

दुपारची बैठक सुरू झाली. पुन्हा तीच अट, पुन्हा शांतता. एसीची घरघर. कोणाच्या तरी पोटातला आवाज. गंभीरराव मान हलवून शांततेशी सहमत होत होता. मौनीबाईंचे हात एकावर एक.

विचारावं का? विचारलं आणि अट खरंच त्यांची निघाली, तर मी आमची नस त्यांच्या हातात दिली असं होणार. आम्हाला ही अट अजिबात नकोय, हे त्यांना कळणार, आणि मग ती काढायची पुरेपूर किंमत ते वसूल करणार. प्रकरण गेलं, खुर्ची गेली, मी पुन्हा मागच्या रांगेत, चिठ्ठ्या सरकवत. आणि खात्यात कायमचं नाव, की बाई बोलून बसल्या. बायकांना तोंड आवरत नाही, पुढे बसवू नये, असं म्हणायला लोक टपलेलेच असतात. हे सगळं मला कळत होतं. मागे गुरुजींच्या खुर्चीचा करकर आवाज झाला, जणू त्यांना माझ्या विचाराचा वास आला होता.

पण तो ठसाही मी डोळ्यांनी बघितला होता. आणि आयुष्यभर मला जे काही कळलंय ते विचारून कळलंय, गप्प बसून काहीच नाही.

"एक विचारू?" मी म्हटलं.

गंभीररावाचं पेन खाली पडलं.

"ही अट," मी म्हटलं, "नक्की कोणाची आहे?"

मागून एक अस्फुट "अरे देवा" ऐकू आलं. मौनीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. बघतच राहिल्या. मनात मी जाकीट काढून मागच्या रांगेत जाऊनही बसले होते.

मग मौनीबाईंच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली.

"तुमची," त्या म्हणाल्या. "तुमचीच ना?"

"आमची नाही! आम्हाला वाटलं तुमची!"

"आमची कशी असेल? आमच्या बूटवाल्यांनी माझं जगणं मुश्कील केलंय या अटीवरून!"

"तुमच्याही?"

दोन्ही बाजूंनी एकदम कागद चाळले गेले. जी वाक्यं एखाद्या देशाने घातलेली असतात त्यांच्यापुढे त्या देशाचं नाव असतं. या अटीपुढे कोणाचंच नाव नव्हतं. ती पहिल्याच मसुद्यापासून होती, आणि पहिला मसुदा...

मागच्या रांगेतून खाकरण्याचा आवाज आला. गुरुजी उभे राहिले होते. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण कानापर्यंत लाल झालेले त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

"पहिला मसुदा मी केला होता," ते म्हणाले. "आधीचा एक करार होता, दुसऱ्याच देशाबरोबरचा. त्याचा नमुना घेतला. ही अट काढायची राहिली असणार. तुम्ही ती कंसात टाकली पण काढली नाहीत, म्हणून मला वाटलं, तुम्हाला हवी आहे."

मौनीबाई म्हणाल्या, "तुम्ही पाठवलीत, म्हणून आम्हाला वाटलं, तुम्हाला हवी आहे."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"तुम्ही का नाही विचारलं?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. टेबलावर जो आधी बोलतो तो आधी देतो. दोन देशांतली शहाणी माणसं सहा फेऱ्या एका अशा अटीसाठी एकमेकांकडून मोल मागत होती जी त्यातल्या कोणालाच नको होती.

आधी हसल्या त्या मौनीबाई. कुठे साठवून ठेवलं होतं कोण जाणे, पण त्या हसल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, टेबलावर तळहात आपटून. मग मी. मग त्यांची अख्खी बाजू, मग आमची, आणि शेवटी गुरुजीसुद्धा, चष्मा काढून. एकटा गंभीरराव न हसता बसला होता, आणि मग त्याने असा काही फुर्रकन आवाज काढला की सगळे पुन्हा सुरू झाले.

अट खोडली. कंस निघाला. बाकीचं प्रकरण तासाभरात मिटलं, कारण आता सगळेच विचारत सुटले होते. हे तुम्हाला खरंच हवंय का? नाही? मग काढा. पिशव्या आणि चिनी मातीची भांडी आपापल्या प्रकरणात परत गेली.

निघताना मौनीबाई माझ्याजवळ आल्या. "त्या हरणाचं पुढे काय झालं?" त्यांनी विचारलं. "शेपूट टिकलं का?"

"नाटक संपेपर्यंत टिकलं," मी म्हटलं. "मग हरणानेच ओढून काढलं."

गुरुजी बाहेर जिन्यापाशी उभे होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "प्रकरण तुमचं. आणि पिशव्यांचंही घ्या. त्यातही माझं काय काय काढायचं राहिलंय ते विचारून घ्या सगळ्यांना."

"आणि गप्प बसायचं शिकायचं राहिलं ते?"

"ते गंभीररावांकडे राहू द्या. त्यांना छान जमतं."

गंभीरराव शेजारीच होता. त्याने मान हलवली, मग मला म्हणाला, "चहा आणू?" आणि खरोखरच गेला.

मी खिडकीशी गेले आणि घरी फोन लावला. खाली रस्त्यावर माणसं कामावरून घरी चालली होती, कोणी भाजीची पिशवी घेऊन, कोणी मुलाचं बोट धरून, आणि मी त्यांच्या पायांतले बूट बघत होते. मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते कळेना. ती खुर्ची आता माझी होती, मागून चिठ्ठ्या सरकवणं संपलं होतं, आणि ती मला माझ्या त्याच खोडीने मिळाली होती जिच्यासाठी मी जन्मभर बोलणी खाल्ली. सांगायचं ठरवून ठेवलं होतं सगळं, ठसा, शांतता, गुरुजींचे लाल कान, क्रमवार. पलीकडे फोन उचलला गेला. स्पीकर लावलेला होता, सगळे जमून बसले होते.

"हॅलो?" नवरा म्हणाला. "काय झालं?"

मी तोंड उघडलं. काही बाहेर पडेना.

"आई? आई, झालं का?" मुलगी.

मी मान हलवली. फोनवर. गंभीररावासारखी.

"अगं बोल की!" नवऱ्याचा आवाज चढला. "गप्प का तू? बरी आहेस ना?"

मग फोन ओढून घेतल्याचा आवाज आला आणि सासूबाई आल्या. "रेडिओ," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कापत होता, "हे बघ, मिळो न मिळो, घरी ये. पण आधी काहीतरी बोल, बाई. तू गप्प बसलीस की आमचा जीव जातो."